स्वतःचा जोर

पक्षाघातानंतर आप्पांची वाचा गेली आणि उजवा हात मांडीवर पडून राहिला. पहिले तीन महिने मोलाचे असतात, असं मी वाचलं होतं. मिळेल ते सगळंच वाचलं होतं. म्हणून सिल्वासातल्या एका केंद्रात, यंत्राच्या हातासाठी, आठवड्यातून तीनदा नंबर लावला. टोकरखाड्यातल्या आमच्या घरून रिक्षाने दहा मिनिटं.

तिथे उजवा हात यंत्राच्या पट्ट्यांत बांधत. डोळ्यांवर मोठा चष्मा चढवला की समोर स्वयंपाकघर दिसे. ओट्यावरचा पेला उचलून फळीवर ठेवायचा. रुग्णाने थोडा जोर लावला की यंत्र उरलेली मदत करी. नाहीच लावला तर सगळं आपणच करी. रुग्णाचा स्वतःचा जोर किती, ते पडद्यावर आकड्यात उमटे.

"काका, तुम्ही ढकला. मशीन मागे आहेच," थेरपिस्ट अश्विनी म्हणायची.

शून्य. दुसऱ्या आठवड्यातही शून्य. घरी मात्र त्याच हाताची बोटं ते चादरीत रुतवत.

चौथ्या आठवड्यात चष्मा काढल्यावर मी सगळ्यांदेखत म्हणाले, "घरी होतं ते इथे का होत नाही? आप्पा, तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

अश्विनी म्हणाली, अजून थोडे दिवस बघू. मीच नको म्हटलं. त्यांची वेळ दुसऱ्या कुणाला मिळाली. सतराव्या दिवशी दुसरा झटका आला आणि आप्पा गेले.

दशक्रियेनंतर झुंबरकाका भेटायला आले. सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात ते आणि आप्पा बावीस वर्षं एकाच पाळीत होते, दोघंही चाळीसगावकडचे; आप्पांना ते नावानेच, कारभारी म्हणून हाक मारत. मी त्यांना फोनवर केंद्रातला व्हिडिओ दाखवला.

"हे काय, कारभारीच्या डोक्याला टोपलं बांधलं का?" काका हसले. मग व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिलं.

"हात बघ कसा सोडलाय. एकदम बराबर."

"म्हणजे?"

"मशीननं हात धरला ना पोरी, तर खेचायचा नाही. खेचला की गेला. ढिला सोडायचा, अन् दुसऱ्या हातानं बंदचं बटण शोधायचं. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हे कारभारीच शिकवायचा. माझा पंजा त्याच्यामुळंच शाबूत आहे."

व्हिडिओत आप्पांचा डावा हात खुर्चीच्या कडेने खाली-वर चाचपत होता. दर वेळी शेजारी बसून मी फक्त आकडा पाहिला होता.

"तू सांगितलं असशील ना त्याला, हे कंपनीचं मशीन नाही म्हणून?"

"सांगितलं," मी खोटंच म्हणाले.

"मग बरं. नाहीतर बिचारा घाबरला असता." काकांनी फोन परत दिला. "मला धाड तो व्हिडिओ. कंपनीत आमच्या खात्यात दाखवतो. आजकालची पोरं ऐकत नाहीत."

मी पाठवला.