भिंगाच्या दिव्याची सैल मान

मित्रांनो, मला दिवा म्हणा नाहीतर भिंग म्हणा. मी दोन्ही आहे, आणि आता जुनाही झालो आहे. माझ्या गोल काचेभोवती दिव्याची कडी आहे आणि मागे लांब, सांध्यांची मान. एका दवाखान्यात, तपासणीच्या पलंगाशेजारी मी भिंतीला धरून असतो. लहान गोष्ट मोठी करून दाखवणं हे माझं काम. तसं ते माणसंही करतात म्हणा, पण त्यांना त्यासाठी काच लागत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी मान जिथे ठेवाल तिथे राहायची. "गुणी आहे, सोडला तिथे थांबतो," असं म्हणून तपासनिसाने माझ्या पाठीवर थाप मारली होती.

आमच्या दवाखान्यात पायांवरच्या बारीक नसांवर इलाज होतो. कातडीखाली लाल-जांभळ्या रेघांचं जाळं दिसतं ना, त्याच त्या. डॉक्टरबाई केसासारखी बारीक सुई नसेत घालतात आणि थेंबभर औषध सोडतात. त्याने नस आतून चिकटते आणि हळूहळू शरीरच तिला पुसून टाकतं. पण औषध नसेबाहेर सांडलं, तर कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून सुई आत असताना सगळ्यांनी स्थिर राहायचं, डॉक्टरबाईंनी, पेशंटने आणि मीसुद्धा. "हा दिवा आहे म्हणून माझा हात चालतो," असं बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, तेव्हा मी फुशारून जायचो.

मग माझ्या सांध्याचा स्क्रू सैल झाला आणि मान आपोआप खाली यायला लागली.

"बाई, दिव्यासाठी मिस्त्रीला बोलवू का?" नर्सताईंनी विचारलं.

"बोलवू गं. आधी बाहेरची गर्दी तर संपू दे."

दवाखान्यातली गर्दी कधी संपते का? शेवटी ताईंनी पेशंटच्या पायाला बांधायची लवचिक पट्टी माझ्या मानेला गुंडाळली. दवाखानाच तो, जे दुखेल त्याला पट्टी! सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. पट्टी ताणायची, मी कणाकणाने सरकायचो, आणि आता पडतो की मग पडतो या धास्तीने मला घटकाभर चैन पडेना.

अशातच पोहायला शिकवणाऱ्या मास्तरीणबाई आल्या. सोबत त्यांची धाकटी बहीण होती, आणि बोलण्याचं काम तिनेच उचललं होतं.

"डॉक्टर, एका पोरीने हिला विचारलं, बाई, तुमच्या पायावर पेनाने कुणी रेघोट्या ओढल्या? तेव्हापासून ताई पाण्यातच उतरत नाही. लांब पॅंट घालून काठावरून शिकवते. तलावाचे साहेब म्हणतात, उतरणार नसाल तर दुसरी बघतो."

"तू गप गं जरा," मास्तरीणबाई म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "पण खरंच जातील ना डॉक्टर?"

"जातील. आधी थोड्या काळवंडतील, मग फिकट होतील. घाबरायचं नाही."

डावा पाय छान झाला. सुईनंतर लगेच चालावं लागतं, म्हणून घट्ट मोजा चढवून मास्तरीणबाई बाहेरच्या बोळात येरझाऱ्या घालत होत्या आणि बहिणीशी हसत होत्या. पुढच्या खेपेला त्या कुणी सांगायच्या आधीच पलंगावर आडव्या झाल्या.

उजव्या पायात सुई होती आणि माझी पट्टी सुटली. मी धाडकन खाली आलो. डॉक्टरबाईंच्या हाताला धक्का बसला.

"आई गं! जळतंय डॉक्टर, जळतंय!"

सुई लगेच काढली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिथे जखम झाली, आणि ती भरल्यावर तपकिरी डाग मागे राहिला.

"चूक आमची आहे," डाग तपासताना डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा फिकट होत जाईल. उरलेल्या नसांचं आपण..."

मास्तरीणबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "मी माझा पाय तुमच्या हाती दिला होता. आणि तुम्ही दिवा चिंधीने बांधून ठेवला होतात." त्यांनी पॅंट घोट्यापर्यंत ओढली आणि त्या निघून गेल्या.

मी पडलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मिस्त्री येऊन गेला होता. वरातीमागून घोडं! पुढ्यातला चहा निवायच्या आत त्याने स्क्रू आवळला.

"एवढंच होतं?" नर्सताईंनी विचारलं. मास्तरीणबाई निघून गेल्यावर डॉक्टरबाईंनी त्यांना कितीदा तरी फोन केले. त्या आल्या नाहीत.

आता माझी मान ताठ आहे, पण जिवाची घालमेल थांबत नाही. परवा नर्सताई सांगत होत्या, त्यांची भाची त्याच तलावावर शिकते. "दुसरी कुणी मिळेपर्यंत मास्तरीणबाईच काठावरून शिट्टी वाजवतात. आमची पोर मध्येच घाबरली, तिने हात पुढे केला, तर धरायला पाण्यात कुणीच नव्हतं. कशीबशी कडेला लागली." डॉक्टरबाईंनी ते ऐकलं, माझा दिवा उगाच लावला आणि उगाच बंद केला.

मित्रांनो, घरात, वर्गात काही डगमगताना दिसलं, तर त्याच दिवशी घट्ट करा. आम्हाला ओरडता येत नाही, आम्ही नुसते हलतो. आणि त्याचे हाल भलत्यालाच सोसावे लागतात. पाण्यात हात पुढे करणाऱ्या त्या मुलीने तर मला कधी पाहिलेलंही नाही.