आत्याबाई कुणाच्या कार्डात

आम्ही वेगळे निघालो ते भांडून नाय, रेशनसाठी. हे सांगितलं की आजकालच्या पोरी तोंडाला पदर लावून हसतात. हसा बाई. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी नुसता ऐकला, त्यांना हसायला काय जातंय.

तवा आम्ही पंचवटीत राहायचो, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात. दोन खोल्या आणि पुढं पडवी. थोरले बहिरू, म्हणजे आमचे भावजी, आणि त्यांची मालनबाई. धाकटे गेणू, म्हणजे आमचे मालक, आणि त्यांची मी, कुसा. सासूला आम्ही दोघी जावा आत्याबाई म्हणायचो. वर दोघींच्या पोरांची पलटण. भाऊ दोघं बाजारात पोती वाहायचे, पण त्या साली बाजारात पोतीच येईनात. सिन्नरकडचे आमचे भाऊबंद सरकारी कामावर खडी फोडायला गेले आणि आम्ही रेशनच्या रांगेत उभे राहिलो.

रेशनला मिलो यायची, परदेशातली तांबडी ज्वारी. थापायला घेतली की भेगाळायची, खाल्ली की घशात अडायची. तरी पिशवीत पडली की मी रामाला हात जोडायची. गोची दुसरीच होती. आमच्या दुकानात एका कार्डावर धान्याची हद्द घातलेली. घरात तोंडं कितीही असोत, हद्दीच्या वर दाणा नाय. कुणी दुप्पट नेऊ नये, सगळ्यांना घास मिळावा, असा सरकारचा विचार. विचार वाईट नव्हता, पण करणाऱ्यानं आमच्यासारखं एकत्र घर बघितलं नसावं. समोरच्या नवसाबाईकडं तीन माणसं, ती पोटभर जेवायची. आमच्यात शेवटी बसणाऱ्याला भाकरीचा पापुद्रा. मालनबाईची धाकटी चांगुणा तर त्या उन्हाळ्यात अशी वाळली की तिला उचलताना भीती वाटायची.

दुकानवाला खंडेराव एक दिवस म्हणाला, "कुसाबाई, असं पोरं मारून एकत्र राहण्यात काय शहाणपण? वेगळी चूल, वेगळं कार्ड. चूल मांडा, अर्ज द्या, तपासनीस येऊन बघून जाईल."

घरी सांगितलं तर आत्याबाई भडकल्या. "मी जिती असताना माझ्या घरात दुसरी चूल? लोकं तोंडात शेण घालतील." मग त्यांची नजर चांगुणावर गेली. ती भिंतीला टेकून बसली होती, उठायचं त्राण नव्हतं. आत्याबाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं. शेवटी म्हणाल्या, "मांडा. पण दूध उतू घालायचं नाय. हे काही नवं घर नाय."

दूध होतं कुठं म्हणा उतू घालायला.

माझी चूल मालनबाईनंच घातली. पडवीत बसून माती मळली, भुसा कालवला, हातानं गुळगुळीत केली. तिच्या हाताला वळण होतं. म्हणाली, "माझ्या चुलीपरीस चांगली झाली गं. आता भाकरी पण चांगल्या कर." भांडी वाटली, पोरं वाटली, तवा एकच होता तर नवसाबाईकडून फुटका मागून आणला. बोळाला खरं वाटावं म्हणून आम्ही नळावर भांडायचो. मालनबाई म्हणायची, "कामाच्या नावानं बोंब आणि जेवायला पुढं." मी म्हणायची, "तुमच्या जेवणात असतंय काय पुढं यायला?" घरात येऊन दोघी पोट धरून हसायचो. एकदा मात्र ती बोलता बोलता माझ्या माहेरावर गेली. त्या दिवशी मी हसले नाय. तिनंही ते ओळखलं, संध्याकाळी माझ्या केसांत तेल घालून दिलं.

खरा जाच झाला भावांना. ते लहानपणापासून एका परातीत जेवणारे. ही मोठी काळी परात, त्यात भाकऱ्या कुस्करून वर कालवण ओतायचं, दोघं समोरासमोर. आता तपासनीस कधी टपकेल नेम नाय, म्हणून भावजी आत आणि आमचे मालक पडवीत. मधे नुसती भिंत. मालक दोन घास खाऊन उठायचे. म्हणायचे, "दादा जेवला का बघ."

तपासनीस आला भर दुपारी. पोरगेलाच होता, घामानं सदरा भिजलेला, चप्पल एका अंगठ्यावर तुटलेली. मालनबाईनं पाणी दिलं. त्यानं दोन्ही चुलींतली राख चाचपली, पिठाचे डबे उघडून बघितले, पोरांना विचारलं, कोण कुठं जेवतं. पोरांना आम्ही पढवून ठेवलं होतं, एकही चुकलं नाय. तो लिहीत गेला. मला वाटलं, जमलं बाई.

मग त्यानं आत्याबाईंकडं बघितलं. "आजी कोणाकडं असतात?"

"माझ्याकडं," मी म्हणाले.

"माझ्याकडं," मालनबाई म्हणाली.

दोघी एकाच दमात. सगळं वाटलं होतं आम्ही, भांडी वाटली, पोरं वाटली, पण आत्याबाईंना वाटायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. सासू काय वाटायची वस्तू हाय?

तपासनिसानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे घर एकच दिसतंय," तो म्हणाला. रागावला नव्हता, दमलेला होता. "बाई, पलीकडच्या आळीत माणसं घरातल्या विधवेच्या नावानं खोटी कार्डं काढतात. मी डोळे झाकले तर ज्याला खरंच नाय त्याच्या वाटणीचं जातं. दुसरं कार्ड मिळणार नाय."

मालनबाईनं चांगुणाला जवळ ओढलं. दोन्ही भाऊ दारात खांबासारखे उभे.

आत्याबाई उठल्या. पदर सावरला, हसल्या सुद्धा. "सायेब, ह्या दोघी माझ्यासाठी भांडत्यात हो. मी इथं कुणाकडंच नसते. मी गावाकडं असते, सिन्नरला. चार दिस पाहुणी आले, उद्या जाईन. पाहुणीला ही म्हणते माझ्याकडं जेवा, ती म्हणते माझ्याकडं."

"मग तुमचं नाव?"

"घालू नका कुठंच."

"आजी, नाव नसलं तर तुमच्या वाटचं धान्य येणार नाय."

"म्हातारीला लागतंय किती?"

त्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि पेन उचललं. त्याला खरं वाटलं का त्यानं मानून घेतलं, ते मला अजून कळलेलं नाय. पण पुढल्या महिन्यात दोन कार्डं आली, आणि एकातही आत्याबाई नव्हत्या.

मालनबाई रडली, मीही रडले. म्हणलं, आम्ही तुमचं नाव खाल्लं. त्या म्हणाल्या, "गप बसा गं. आता मी पाहुणी हाय ना? मग पाहुण्याला एकटं जेवायला वाढतात व्हय? पाहुणा आला की वेगळे निघालेले भाऊसुद्धा एका पंगतीला बसतात. काढा ती परात."

त्या रात्रीपासून परात पडवीत आली. मधे आत्याबाई, दोन बाजूंना दोन भाऊ. दोन्ही चुलींवरच्या भाकऱ्या एकातच. आत्याबाई खायच्या कमी, घास मोडून पोरांच्या हातात ठेवायच्या जास्त. चांगुणा त्यांच्या मांडीला चिकटलेली. पाऊस झाला, मिलो जाऊन गहू आला, दुकानाची हद्द उठली, तरी कुणी दुसरी चूल मोडली नाय आणि कुणी परातही उचलून ठेवली नाय. कुणी विचारलं तर आत्याबाई सांगायच्या, "उद्या जाणार हाय मी गावाला." आठ-नऊ वर्षं त्यांचा तो उद्या आला नाय. काय दिवस होते. आज गव्हाची पोळी खाताना मला ती घशात अडणारी तांबडी भाकरी आठवते, आणि खरं सांगते, जीव तुटतो.

एक्याऐंशी साली आत्याबाई गेल्या. माणूस गेलं की रेशनच्या दुकानात नाव कमी करायला जावं लागतं. आम्हाला जावं लागलं नाय.

तेरावं झालं, पै-पाहुणे पांगले. संध्याकाळी भावजी हातपाय धुऊन पडवीकडं यायला निघाले आणि पायरीवर थांबले. आतून मालनबाई म्हणाली, "इकडं वाढलंय." ते तसेच आत गेले. मी मालकांसमोर ताट ठेवलं. गव्हाची पोळी होती, वांग्याचं कालवण होतं, डबे भरलेले होते.

ते म्हणाले, "परात कुठंय?"

मी म्हणाले, "आता पाहुणं कोण हाय घरात?"

त्यांनी ताट पुढं ओढलं. खाली मान घालून जेवले, आणि भिंतीपलीकडं भावजींच्या ताटाचा आवाज येत होता.