शेतावरची मावशी

खामपेंगने बांबूच्या टोपलीतला चिकट भात लाकडी परातीत उपडा केला आणि वाफ डोळ्यांत जाऊ नये म्हणून मान वळवून तो उलथू लागली. बाहेर व्हॅनचं दार सरकल्याचा आवाज आला. माणसं नऊ उतरली, सांगितल्यापेक्षा दोन जास्त. म्हणजे तळ्यातून आणखी दोन मासे काढायला हवेत.

"मावशी, पाणी आणा!" अंगणातून वीरयुतने हाक मारली.

वीरयुत तिचा सख्खा धाकटा भाऊ. एरवी तो तिला ताईच म्हणे. पाहुण्यांसमोर मावशी म्हणायला त्याने केव्हा सुरुवात केली, ते तिला नेमकं आठवत नव्हतं. आधी पाहुणे म्हणाले, त्यांच्या मागोमाग तो म्हणाला, आणि मग ते तसंच राहिलं.

खांबांवर उभ्या घराच्या खाली, सावलीत, पाहुणे बाकांवर बसले होते. वीरयुतच्या अंगात तिनेच विणलेला आणि तिनेच निळीत बुडवलेला सदरा होता.

"मीठ आणि काडेपेटी सोडली तर बाहेरून काही येत नाही आमच्याकडे," तो सांगत होता. "भात घरचा, मासे घरचे, साबणसुद्धा घरचा. बँकॉकची नोकरी सोडून आलो तेव्हा लोक म्हणाले, वेड लागलंय याला."

यात खोटं काहीच नव्हतं. अठरा वर्षं त्याने बँकॉकला मोटारी विकल्या आणि वडील गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, बायकोला घेऊन तो परत आला. आईवडिलांजवळ राहिलेल्या मुलीला घर मिळतं, अशी त्या खोऱ्यातली रीत. पण पैसे देऊन शेत बघायला, राहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या कामाला घराशेताचे कागद एकाच्या नावावर असले की सोपं जातं, असं वीरयुत म्हणाला होता आणि त्याने बोट ठेवलं तिथे खामपेंगने सही केली होती.

ती पेले मांडत असताना तो महापुराच्या नेहमीच्या गोष्टीवर आला.

"वडील तापाने फणफणलेले. पहाटे बघतो तर पाणी जिन्याला लागलेलं. बियाण्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन मी चार वेळा देवळाच्या टेकडीवर गेलो. तिसऱ्या खेपेला पाय घसरला, गुडघा दगडावर आपटला. पण टोपली नाही सोडली!"

आजवर तो इथे 'आम्ही' म्हणत असे. आज 'मी' आलं, आणि इतकं सहज आलं की त्याचं त्यालाही कळलं नसावं. त्या साली त्याचा बँकॉकहून फोन आला होता. टीव्हीवर दाखवतायत ते आपलंच गाव का, म्हणून. खामपेंगचा डावा गुडघा तेव्हापासून पुरता वाकत नव्हता. शेवटचा पेला ठेवून ती खांबाला धरून उभी राहिली आणि तशीच स्वयंपाकघरात गेली.

मागोमाग पाहुण्यांतल्या एक बाई आल्या. सुनीसाबाई, लाम्पांग शहरातल्या निवृत्त शिक्षिका. नको म्हणत असतानाही त्यांनी शेंगांची टोपली पुढ्यात ओढून घेतली.

"मावशी, किती वर्षं झाली इथे कामाला?"

"जन्मापासून."

"अगं बाई! म्हणजे तुमचे आईवडीलही इथेच कामाला होते?"

खामपेंगने माशाच्या पोटात गवती चहाची पात कोंबली. "हो. तेही इथेच राबले."

"आणि पगार, सुट्टी? देतात ना नीट?"

कोपऱ्यात मिरच्या कुटणारी वीरयुतची बायको, ऑरथाई, क्षणभर थांबली. मग मुसळ पुन्हा पडू लागलं, आधीपेक्षा जोरात.

"सुट्टी कसली," खामपेंग म्हणाली. "कोंबड्यांना कुठे सुट्टी असते?"

सुनीसाबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी तिच्या हातात दिली. "घरी मी एकटीच असते. सोबतीला आणि वरकामाला माणूस हवंय. राग मानू नका, सहज देऊन ठेवते."

व्हॅन वळणाआड गेल्यावर खामपेंग भावासमोर जाऊन उभी राहिली. तो नळाखाली पाय धूत होता.

"युत, टोपल्या कोणी नेल्या रे?"

"कुठल्या?" आणि मग लक्षात येऊन तो हसला. "अगं ताई, गोष्ट आहे ती! लोकांना गोष्ट लागते."

"मग माझी सांग."

"तुझी काय सांगू? तू कुठे गेलीच नाहीस. जो सगळं सोडून परत येतो त्याची गोष्ट होते. जागचं जो हललाच नाही, त्याची कसली गोष्ट?"

लहानाला समजवावं तसं, अगदी मायेने तो बोलला.

पुढे अकरा दिवस ती राहिली. रोपांचे वाफे अर्धवट टाकून जाणं तिला जमलं नसतं. बाराव्या दिवशी सकाळी तिने ऑरथाईला बियाण्याच्या खोलीत नेलं आणि एकेका मडक्यावर हात ठेवून सांगितलं, हे खालच्या खाचरात, हे टेकडीकडे, हे सगळ्यात शेवटी, धुकं सरल्यावर. ऑरथाई वहीत उतरवून घेत होती. शेवटच्या मडक्यापाशी तिचा हात थांबला.

"ताई, हे तुम्ही मला का सांगताय?"

"हेळसांड नको व्हायला भाताची. त्याचा काय दोष?"

"मी बोलू का यांच्याशी?"

"काय बोलशील?"

ऑरथाईने वही मिटली. आत जाऊन तिने केळीच्या पानात भात आणि सुका मासा बांधून आणला. तो देताना तिने खामपेंगचं मनगट घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

वीरयुत नवा फलक रंगवत होता. तिच्या हातातली पिशवी त्याला दिसली.

"मामाच्या गावाला का? जत्रेला?"

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"शनिवारी चौदा माणसं आहेत हं," मान न उचलता तो म्हणाला. "त्याच्या आत ये."

लाम्पांगचं घर गल्लीच्या टोकाला होतं. मागच्या बाजूची खोली सुनीसाबाईंनी झाडून ठेवली होती. खाट, पंखा, एक कपाट, आणि शेजारच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी.

"रविवार तुमचा," बाई म्हणाल्या. "कुठेही जा, काहीही करा. कपाटाची किल्ली तुमच्याचकडे ठेवा." त्या दारात घुटमळल्या. "एक विचारायचं राहिलं. काही कमीजास्त झालं तर कळवायला तुमचं स्वतःचं कोणी आहे?"

खामपेंगने पिशवीतून नेसायच्या दोन लुंग्या काढल्या, घड्या तळहाताने सारख्या केल्या आणि कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवल्या.

"एक भाऊ आहे."

"हो का? काय करतो?"

"शेती," ती म्हणाली.