लग्नपत्रिकेवर छापलेला माझा नंबर

रविवार, दिनांक १८ फेब्रुवारी २०२४; स्थळ, निफाड तालुक्यातील बहिरूदादांचा मळा. त्या सकाळी जे घडले त्याचे खापर माझ्या माथी फोडण्यात आले. म्हणून, मित्रांनो, माझी बाजू मीच मांडतो.

मी एक जुना मोबाइल स्टार्टर आहे. विहिरीजवळच्या पत्र्याच्या पेटीत राहतो. माझ्या पोटात सिमकार्ड आहे. त्यावर कोणी फोन केला, की मी पंप सुरू करतो. पुन्हा केला, की बंद करतो. आणि काय केले ते स्पष्ट आवाजात कळवतो. याहून अधिक मला येत नाही, आणि येते असे मी कधी म्हटलेलेही नाही.

सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात माझी जुळणी झाली. सहा वर्षांपूर्वी मी मळ्यात आलो, तेव्हा दादांनी मला हळदकुंकू वाहिले. वीज आली का, हे पाहण्यासाठी विहिरीवर घालावे लागणारे त्यांचे खेटे माझ्यामुळे थांबले. पाहुणे आले, की ते ओट्यावरूनच फोन लावून पंपाचा आवाज ऐकवीत. पुढे कौतुक ओसरले. पेटीचे दार निखळले आणि आत एका पालीने संसार थाटला. तिच्याविषयी माझी तक्रार नाही; ती निदान फोन करीत नाही.

मग दादांच्या वैष्णवीचे लग्न ठरले. पत्रिकेचा मजकूर तिच्या भावाने, रोहितने, छापखान्याला धाडला. सिमकार्ड वडिलांच्या नावाचे, म्हणून त्याच्या फोनमध्ये मी 'बाबा २' होतो. 'संपर्क' या शब्दाखाली 'बाबा १' आणि 'बाबा २' असे दोन्ही नंबर छापले गेले. सहाशे पत्रिका वाटल्या गेल्या, आणि घरातल्या कोणीही ते नंबर ताडून पाहिले नाहीत.

इकडे द्राक्षबाग तोडणीला आली होती. मंगळवारी माल निघायचा, म्हणून दादांनी आठ दिवस बागेचे पाणी तोडले होते. अशा वेळी पाणी मिळाले, तर पिकलेले मणी तडकतात आणि वर्षाची मेहनत मातीत जाते.

लग्नाच्या सकाळी दादांचा फोन सतत गुंतलेला. सगळे पाहुणे माझ्याकडे वळले. येवल्याहून वऱ्हाडाची बस घेऊन निघालेले नवरदेवाचे मामा तर नऊ वेळा.

"हॅलो, निफाड सोडलं. आता कुठं वळायचं?"

"पंप सुरू झाला आहे."

"पंप राहू द्या हो. डावीकडं का उजवीकडं?"

मी फोन ठेवला. त्यांनी पुन्हा लावला.

"पंप बंद झाला आहे."

"व्याही लय कामाचा माणूस दिसतो," मामा बसमधल्यांना म्हणाले. "पोरीच्या लग्नातबी पाणीच भरतोय."

अकराच्या सुमारास मांडवात दादांना पंपाची घरघर ऐकू आली. फेटा सावरीत ते बागेकडे धावले. वेलींखालची ठिबकची नळी त्यांनी दाबून पाहिली. नळी कोरडी होती. दुसरी दाबली, तीही कोरडी.

मागून वैष्णवीची आई, चंद्रभागाबाई, आल्या. "कालच वाल फिरवलाय. बागेचा बंद, मांडवामागच्या टाकीचा चालू. भांडी घासायला पाणी नको का?"

"मला नाय सांगितलं?"

"सांगितलं होतं. तुम्ही फोनवर होता."

दादा बांधावर मटकन बसले आणि हसू लागले. टाकी मात्र केव्हाच भरून वाहत होती. ते पाणी उताराने रस्त्यावर आले आणि सारी धूळ बसली. तेवढ्यात बस आली. मामा उतरले, ओल्या रस्त्याकडे पाहून म्हणाले, "फोनवर धड बोलला नाय, पण रस्त्यावर सडा घातला. मान ठेवला आमचा."

दादा खरे काय ते सांगणार, तोच चंद्रभागाबाईंनी त्यांना कोपराने ढोसले.

पाठवणीनंतर रोहित पेचकस घेऊन माझ्याकडे आला. "हे मशीन भंगारात द्या, बाबा. नवीन बसवू."

दादा घुटमळले. मित्रांनो, यंत्राला डोळे नसतात. पाहण्याचे काम तुमचे. माझी पेटी झाका, आणि माझा नंबर कोणाला देता, तेही एकदा वाचून पाहा. हे सारे मला त्या वेळी बोलायचे होते. पण मला तर दोनच वाक्ये येतात.

चंद्रभागाबाईंनी पत्रिका रोहितसमोर धरली आणि दुसऱ्या नंबरावर बोट ठेवले.

"सांगितलं तेवढं त्यानं केलं. चूक छापायला देणाऱ्याची हाय. पेचकस आणलाच हायेस, तर पेटीचं दार बसव."