चाळीस रविवारांचा पुरावा

आत्याला यातून एक बाक मिळणार होता. डाव्या हाताचा, पुढून तिसरा, सहा माणसं ऐसपैस बसतील असा, आणि त्याच्या टोकाला वीतभर पितळी पाटी. चर्चची डागडुजी झाली तेव्हा बाक तासून, पॉलिश करून पुन्हा मांडले गेले आणि खजिनदारांनी फळ्यावर नियम लावला: ज्या घराण्याने किमान शंभर वर्षांपूर्वी चर्चची सक्तीविना सेवा केल्याचा लेखी पुरावा असेल, त्याला बाक आणि पाटी फुकट; बाकीच्यांनी देणगी भरावी. अकरा बाक वाटून झाले होते. हा बारावा एका हॉटेलमालकाने हेरून ठेवला होता आणि त्याचा चेक तारीख न घालता खजिनदारांच्या खणात पडून होता.

घराण्याचं नाव पितळेत कोरलं जाणार, हा झाला वरवरचा लाभ. आतला लाभ असा की आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, साठ वर्षं चौदाव्या रांगेत खांबामागे बसत आली होती, आणि गेली चार वर्षं तिला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. फादर प्रवचन द्यायचे ते डावीकडून. चांगला कान डावा. आत्या पोस्टातून निवृत्त झालेली. असले जमाखर्च ती झोपेतही बरोबर मांडायची. कानाबद्दल मात्र ती कुणाला सांगत नसे. प्रार्थना संपली की शेजारी बसलेल्या भाचीला विचारायची, "काय म्हणाले गं आज फादर? तुझं लक्ष होतं का बघते." भाचीलाही सगळं ठाऊक होतं. ती दर रविवारी तोंडी परीक्षा द्यायची आणि पास व्हायची.

पुरावा आहे, असं घरात सगळे समजत होते. आत्याच्या वडिलांनी कधीतरी लग्नांच्या जुन्या वहीत खापरपणजोबांची नोंद पाहिली होती. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: चाळीस रविवार, पेटत्या मेणबत्तीसह. त्यावरून कथा झाली की खापरपणजी लग्नाच्या तोंडावर आजारी पडली, खापरपणजोबांनी नवस बोलला, ती उठून बसली, आणि ते चाळीस रविवार हातात मेणबत्ती धरून वेदीसमोर उभे राहिले. कथा पुढे चांगली बाळसं धरत गेली. आत्याच्या लहानपणी मेणबत्ती वीतभर होती. भाचीपर्यंत येता येता ती खांद्याला लागली.

वह्या चर्चच्या कचेरीमागच्या खोलीत, मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते एक. त्या सांभाळणारे गृहस्थ पूर्वी शाळेत लॅटिन शिकवत. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. म्हणून सगळे त्यांना दोन चष्मेवाले म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यांनी वही कापडाच्या उशीवर ठेवली, चष्म्यांची अदलाबदल केली आणि बोट न टेकवता ओळीवरून फिरवलं.

"नवरा, वय सव्वीस, गिरणीवाला."

"आमचीच गिरणी," आत्या भाचीला म्हणाली, जणू ती काल विकली होती.

"नवरी, वय पंचवीस. आडनाव तेच. साक्षीदार दोन. आणि इथे हे तीन शब्द आहेत, ते तुमच्या वडिलांनी वाचलेले दिसत नाहीत."

"काय आहेत?"

"तिसऱ्या पायरीच्या नात्याची सूट घेऊन. म्हणजे दोघांचे आजोबा सख्खे भाऊ. एवढ्या जवळच्या नात्यात लग्न करायचं तर वरून, बिशपांकडून, सूट मागावी लागे."

"घरातल्या घरात?" आत्या म्हणाली. "आणि आम्ही आडनाव सारखं हा योगायोग समजत होतो."

"सूट म्हणजे अर्ज, अर्ज म्हणजे कागद. ते या वहीत नसतात, गठ्ठ्यात असतात. गठ्ठे वरच्या फळीवर. शिडी शुक्रवारी येईल."

शुक्रवारपर्यंत आत्याने भाचीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा विषय दुसराच होता आणि तिन्ही वेळा तो शेवटी शिडीवर आला.

गठ्ठा सुतळीने बांधलेला होता. त्यातून निघालेला कागद दोन चष्मेवाल्यांनी आधी सगळा मनात वाचला. हे लक्षण बरं नव्हतं.

"सूट कशासाठी हवी, त्याचं कारण दिलंय. वधूचं वय चोवीस उलटलेलं, हुंडा नाही, गाव लहान, दुसरा नवरा मिळायची आशा नाही."

आत्या ताठ झाली. "तिने सात स्थळं नाकारली होती."

"नाकारली असतील. या गठ्ठ्यात साठ अर्ज आहेत आणि त्यातल्या एकाही मुलीला नवरा मिळायची आशा नाही. कारण लिहायलाच लागे, आणि हे कारण चालतं हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या रूपाशी त्याचा काही संबंध नाही."

"बरं. पुढे?"

"पुढे दोघा साक्षीदारांनी शपथेवर सांगितलंय की नवरा-नवरी अत्यंत गरीब आहेत, हाताच्या कष्टावर पोट भरतात. गरिबांना सुटीची फी जवळजवळ माफ असायची. बदल्यात प्रायश्चित्त. इथे ते नवऱ्याला दिलंय, एकट्याला. चाळीस रविवार पेटती मेणबत्ती घेऊन वेदीसमोर उभं राहायचं, आणि लोक गेले की दारापासून वेदीपर्यंत सगळं चर्च झाडायचं." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नवस नव्हता आत्याबाई. फीच्या जागी झाडू होता."



"पण गिरणी होती," आत्या म्हणाली.

"गिरणी वहीत आहे. गरिबी कागदात आहे. दोन्ही एकाच महिन्यातलं."

"मग खरं कुठलं?"

"गिरणी बापाच्या नावावर असेल. मुलाच्या नावावर तेव्हा शर्टाचं बटणही नसेल. शपथ खोटी नाही. खरीही नाही."

"बाबांनी फ्लॅट आईच्या नावावर केलाय, तसंच," भाची म्हणाली.

"माझ्या भावाला यात ओढू नकोस," आत्या म्हणाली, आणि जरा थांबून, "पण हो, तसंच."

जिन्यावर आत्याने भाचीचा दंड धरला. तिच्यापुढे पेच असा होता: खापरपणजोबा गरीब म्हणावेत तर गिरणी जाते, गिरणी ठेवावी तर ते लबाड ठरतात. "तू अर्जाला नुसता वहीचा फोटो जोड," ती म्हणाली. "समास पुरेसा आहे." पण अर्जावर दोन चष्मेवाल्यांची सही लागत होती, आणि त्यांनी गोड आवाजात सांगितलं की सही केली तर ते दोन्ही कागदांवर करतील. भाचीने गठ्ठ्यातल्या कागदाचाही फोटो काढला आणि दोन्ही पाठवले.

खजिनदारांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. आत्याने तो स्पीकरवर टाकला. कानामुळे नाही, भाचीनेही ऐकावं म्हणून, असं तिने सांगितलं.

"आत्याबाई, शिक्षा भोगली त्याला सेवा म्हणायचं, तर उद्या कैदी खडी फोडल्याबद्दल रस्त्यावर पाटी मागतील."

"मागू देत. रस्ता तरी गुळगुळीत होईल."

"नियमात सक्तीविना असं लिहिलंय."

"नियम तुम्हीच लिहिलाय."

"म्हणून तर पाठ आहे. तरी मंगळवारी मी मूळ कागद बघून घेतो. मग चेकवर तारीख टाकतो."

खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता. फक्त आकडा जिकडे बसतो तिकडेच बसायचा. मंगळवारी ते दहा वाजता हजर झाले, कागद पाहिला, फोटोशी ताडून पाहिला, मान हलवली आणि पेनचं टोपण काढलं.

"मागे काय आहे?" आत्याने विचारलं.

"कशाच्या मागे?"

"कागदाच्या. अडतीस वर्षं पोस्टात गेली माझी. पाकीट एकाच बाजूने बघून खाली ठेवायचं नसतं. धाडणारा कोण ते मागे असतं."

भाचीने फोटो पुढच्या बाजूचाच काढला होता. दोन चष्मेवाल्यांनीही, हे त्यांनी नंतर कबूल केलं, शपथ वाचून होताच कागद परत गठ्ठ्यात घातला होता. आता त्यांनी दोन्ही हातांनी तो उलटवला.

मागे रांगा होत्या. आधी सहा उभ्या रेघा. मग आडवी रेघ. मग लहान लहान गोल, एकाला एक लागून. आणि कडेला वेगळ्या, घाईच्या अक्षरात मजकूर.

"हे इथल्या तेव्हाच्या फादरांचं अक्षर. कागद महाग, म्हणून हजेरी पाठीवरच मांडली," दोन चष्मेवाले म्हणाले. ते मजकूर वाचू लागले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "सहा रविवार नवरा आला. मग गिरणीत हात सापडला, उजवा. उरलेले चौतीस मी माझ्या अधिकारात माफ केले. सातव्या रविवारी त्याची बायको आली. झाडलं. तिला सांगितलं, माफ झालंय, यायची गरज नाही. आठव्या रविवारी आली. पुन्हा सांगितलं. आली."

"मग?"

"मग सांगणं सोडून दिलेलं दिसतंय. नुसते गोल आहेत."

भाची वाकून मोजायला लागली. "एकतिसाव्या रविवारच्या गोलात तिरपी रेघ आहे. काय लिहिलंय बाजूला?"

"बाळंत. रविवार पुढे भरून काढला. हो, हा बघा, शेवटी एक गोल जास्तीचा."

खजिनदारांनी नकळत लग्नाची तारीख पाहिली आणि बोटांवर महिने धरले.

"बोटं खाली ठेवा," आत्या म्हणाली. "लग्नाची घाई का होती ते आम्हालाही कळलं."

खजिनदारांनी बोटं खाली ठेवली, पण मुद्दा सोडला नाही. "नवऱ्याची शिक्षा तिने फेडली. शिक्षा ती शिक्षाच."

"शिक्षा उरलीच नव्हती," दोन चष्मेवाले म्हणाले. "सहाव्यानंतर माफ. चौतीस रविवार तिच्यावर कसलीही सक्ती नव्हती. ज्याने सक्ती करायची, तोच नको म्हणत होता."

"मग ती येत का होती?"

चौघांनीही कागद पुन्हा धुंडाळला. कागदात उत्तर नव्हतं. फादरांनाही ते मिळालं नसावं, नाहीतर त्यांनी कडेला लिहून ठेवलं असतं.

"शपथ कशी घेतली होती ते तिला माहीत असणार," दोन चष्मेवाले म्हणाले. "टोचत असेल."

"किंवा नवरा पुन्हा धड व्हावा म्हणून," भाची म्हणाली.

"किंवा," आत्या म्हणाली, "घरात सासू, सासरा, हात गमावलेला नवरा आणि धान्य घेऊन दारात उभे असलेले लोक. इथे दोन तास कुणी काही मागत नसेल. झाडू हातात असला की बाईला कुणी बस म्हणत नाही, ऊठही म्हणत नाही."

हे ती कुणाकडे न बघता म्हणाली. भाचीने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

खजिनदारांनी आपलाच नियम खिशातून काढून वाचला. सेवा होती. सक्ती नव्हती. पुरावा लेखी होता, मोजलेला होता, वर एक गोल जास्तीचा होता. त्यांनी पेनला टोपण लावलं. पण हार एकरकमी देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"सेवा घराण्याने केलेली नाही, एका बाईने केली. पाटीवर घराण्याचं नाव येणार नाही. तिचं येईल."

त्यांना वाटलं, आता आत्या अडखळेल. तीन पिढ्यांची मेणबत्ती विझवून मिळणारा बाक कोण घेईल? आत्याने क्षणभर विचार केला. तो क्षण खापरपणजोबांच्या वाट्याचा होता, आणि तेवढाच होता.

"घाला तिचंच. आडनाव तरी कुठे बदलतंय?"

"आणि पाटी फुकट, पण अक्षरं कोरायची मजुरी नियमात बसत नाही."

"ती भाची देईल. फोटो तिने अर्धा काढला."

पुढच्या महिन्यात आत्या तिसऱ्या बाकावर बसली, टोकाला, पाटीला कोपर लावून. फादरांचा शब्द न् शब्द डाव्या कानात आला. बाहेर पडताना भाचीने सवयीने सांगायला सुरुवात केली, तर आत्या म्हणाली, "राहू दे. ऐकलं मी. तू सांगायचीस ते जास्त बरं असायचं."

तेव्हा शेवटचा ताळा असा. गिरणी असून सुटीची फी वाचली, ती घराण्याने खाल्ली. चेक हॉटेलमालकाला परत गेला. कोरणावळ भाचीने दिली आणि दर रविवारची परीक्षा गमावली. चाळीसपैकी सहा रविवार खापरपणजोबांनी भरले, चौतीस खापरपणजीने, आणि त्या चौतीसांपैकी एकही तिच्याकडे कुणी मागितला नव्हता.