बोगद्यातला टँकर

सायकलवरून लेकीच्या गावाला निघाले तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला होता, "अक्का, म्हातारचळ लागलाय तुला." मी त्याला फोनवरच झाडलं. आता मात्र बोगद्यात निम्म्यावर आले होते आणि त्याचं ऐकायला हवं होतं असं वाटत होतं.

आतले दिवे बंद होते. कडेला उतरून उभं राहायलाही जागा नव्हती. आणि शिरल्यापासून एक टँकर माझ्या मागे लागला होता. पुढे जाईना, हॉर्न वाजवेना. मी वेग कमी केला, त्यानंही केला. 'जा बाबा पुढे' म्हणून हात हलवला, तरी ढिम्म. सरळ माणूस असता तर कधीच निघून गेला असता. एकटी बाई बघून याच्या मनात काय आलं असेल, ते सांगायला ज्योतिषी नको होता. मी भयंकर घाबरले होते.

तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला, काचा फुटल्या. हा आता अंगावरच घालतोय, एवढंच मला कळलं. मागे न बघता उभी राहून पायडल मारत सुटले. लेकीचा चेहरा पुन्हा दिसेल असं वाटेना. टँकर मागेच होता.

बाहेर उजेडात आले आणि सायकलसकट कडेच्या गवतात कोसळले. टँकर थांबला. दार उघडलं. मी हवा भरायचा पंप उगारला. "जवळ आलात तर डोकं फोडीन!"

पाण्याची बाटली घेऊन एक बाई उतरली, मागून तिचा नवरा, ड्रायव्हर.

"फोडा सावकाश," ती म्हणाली. "आधी पाणी प्या, ताई. तुमचा मागचा लाल दिवा कुठंतरी पडलाय. आत तुम्ही कुणालाच दिसला नसतात. म्हणून हे मागं राहिले."

"मग हॉर्न तरी वाजवायचा!"

"दचकून आडव्या झाला असतात," ड्रायव्हर म्हणाला आणि टँकरच्या मागे गेला.

मीही मागे गेले. टँकरची मागची बाजू आत चेपली होती, दोन्ही दिवे फुटले होते, तोटीतून दूध रस्त्यावर वाहत होतं.

"जीपवाल्यानं ठोकलं," तो म्हणाला. "भरधाव आला. धडधाकट आहे, येतोय मागून शिव्या देत."

टँकर मध्ये नसता तर त्या जीपपुढे मी असते.

"एवढी धडक बसली, तरी थांबला का नाहीत?"

तो तोटीत फडकं कोंबत होता. मान वर न करता म्हणाला, "तुम्ही कुठं थांबलात?"