उणे पासष्ट

सौंसरजवळच्या ज्या जिनिंगमध्ये माझे बाबा कापसाच्या गंजीवर काम करतात, तिथे माझं मशीन लागलं त्या दिवशी त्यांनी आमच्या गावी, रामाकोन्यात, घरोघरी संत्री वाटली. मशीन कसलं, हाताएवढा डबा! त्याची लांब दांडी गंजीच्या पोटात खुपसायची, म्हणजे आत कापूस किती तापलाय ते पडद्यावर दिसतं. सत्तर अंश झाले की घंटा. नागपूरच्या एका लहान कंपनीत मी त्या दांडीतला सेन्सर वाचणारा प्रोग्राम लिहिते, एवढंच. पण बाबा सांगत सुटले, "स्नेहानं बनवलं."

त्याआधी हे काम बाबांच्या हाताचं होतं. ओल्या कापसाची गंजी आतून तापते, कधी कधी पेटते. बाबा आठ फुटी लोखंडी सळई गंजीत खुपसायचे, पंधरा मिनिटांनी ओढून तळहातात धरायचे आणि सांगायचे, "राहू द्या", नाहीतर "फोडा", म्हणजे गंजी उपसून गार करा. बावीस वर्षं सगळी जिनिंग त्यांच्या तळहातावर भरवसा ठेवून होती.

मी पहिल्याच दिवशी चारचौघांत ऐटीत सांगितलं, आता सळई बंद, तिने सेन्सरची वायर तुटते. बाबांनी सळई पुसून भिंतीला टेकवून ठेवली.

डिसेंबरातल्या एका दुपारी जिनिंगचे मॅनेजर विनायकराव यांचा फोन आला. "मॅडम, तुमचं मीटर उणे पासष्ट दाखवून राहिलं. सौंसरात बर्फ पडला का?"

मी हसले. "वायर सैल झाली असेल. उद्या येऊन बघते."

"कवडू विचारून राहिला, सळई घालू का म्हणून." कवडू म्हणजे माझे बाबा.

"नको नको. वायर तुटेल."

फोन ठेवला आणि मी चहा प्यायले. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

तासाभरात गंजीतून धूर निघाला. गंजीमागे कापूस निवडत बसलेली शकुबाई अडकली होती. तिच्यासाठी वाट करायला बाबांनी पेटता कापूस दोन्ही हातांनी ओढून काढला. शकुबाई वाचली. बाबांचे तळवे जळाले.

दवाखान्यात त्यांच्या खाटेशी बसून मी प्रोग्राम उघडला. चूक एका ओळीत होती. सेन्सरचा आकडा अंशांच्या दहापट येतो. मी त्याला आधी पन्नासने गुणत होते, मग पाचशेने भागत होते, आणि मधला गुणाकार ठेवायला सोळा बिटांची जागा दिली होती. तिच्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या वर आकडा मावत नाही. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा भरला की शून्यावर येतो ना, तसा हा उलटून थेट उणे होतो. साठ अंशांना तीस हजार, ते मावले. सहासष्टला तेहतीस हजार, ते उलटले. घंटा सत्तरला वाजायची होती, म्हणजे ती कधीच वाजणार नव्हती. मी तपासणी केली होती ऑफिसच्या गिझरच्या पाण्यात, आणि ते साठाच्या वर जात नाही. घंटा तपासायला हद्द तेवढ्यापुरती पन्नासवर आणली होती. तेव्हा छान वाजली होती मेली.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. गुणाकाराला बत्तीस बिटांची जागा दिली. गुणण्याआधी उत्तर मावेल का, हे तपासायला लावलं. आणि न पटणारा आकडा आला तर तो नुसता दाखवून गप्प बसायचं नाही, घंटा वाजवायची. वीस मिनिटं! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

फेब्रुवारीत जिनिंगमध्ये सगळ्यांसमोर मी दांडी तापत्या तेलात धरली. सहासष्ट, अडुसष्ट, सत्तर, आणि घंटा अशी वाजली की विनायकरावांनी कानांवर हात ठेवले. बाबा मागे पायरीवर बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले.

"बाबा, त्या दिवशी मी नको म्हटलं तरी तुम्ही सळई घालायची होती."

ते आपल्या गुलाबी, गुळगुळीत तळव्यांकडे पाहत राहिले. "सळई कायले पायजे होती, पोरी? गंजीपाशी उभा होतो त आंगाले आच लागून राहिली होती. मले समजलं होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"सारे तुह्या मीटरकडे पाहून राहिले होते. म्या फोडा म्हटलं असतं अन् आत काहीच निघालं नसतं, त? लोक म्हनले असते, पोरीच्या मशीनवर बापाचाच भरोसा नाही."

मला रडू आवरेना. बाबा उठले, मीटरवर आपला दुपट्टा टाकला आणि भिंतीची सळई कोपराने माझ्याकडे ढकलली. "घाल."

मी ती गंजीत खुपसली. पंधरा मिनिटांनी ओढून काढली, तेव्हा त्यांनी आधी स्वतः धरून पाहिली आणि सोडून दिली. "मले काही लागत नाही आता. तू धर."

मी धरली. "कोमट आहे, बाबा."

"ते नाही इचारलं. राहू द्या, का फोडा?"

विनायकराव, शकुबाई, सगळे माझ्याकडे बघत होते. मी सळई घट्ट धरून उभी होते आणि मला सांगता येत नव्हतं.